थंडीतून आलेलं पोतं

डिसेंबरात बेंगळुरूची सकाळ उशिरा उजाडते. उजाडते म्हणजे काय, धुकंच स्वल्प पातळ होतं आणि त्यातून आधी नारळाची झाडं दिसायला लागतात, मग समोरच्यांच्या गच्चीवरची टाकी, मग दूधवाल्याची स्कूटर. जे. पी. नगरातल्या आमच्या घराच्या खिडकीत चहाचा पेला धरून मी हे रोज बघते आणि रोज मला वाटतं, आपण अजून उठलोच नाही. चहा संपतो तरी वाटत राहतं. मग आतून हे विचारतात, "धुकं कसं आहे गं?" आणि मी म्हणते, "तुम्हीच या की बघायला, पाय आहेत ना?" तेव्हा कुठे मला खरी जाग येते.

हे म्हणजे माझे यजमान. धुक्याचं कौतुक त्यांना काडीचं नाही, त्यांना घोर असतो पावडरींचा. आमचा धंदाच तो. शिवाजीनगरात आजेसासऱ्यांच्या वेळचं दुकान आहे आणि व्हाइटफील्डच्याही पुढे एक गोदाम. खायचा सोडा, धुण्याचा सोडा, तुरटी, आणि सगळ्यांत जास्त लिंबूफूल, म्हणजे सरबतात, जॅममध्ये, औषधाच्या गोळ्यांत घालतात ते आंबट सत्त्व. सगळंच पांढरं. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा गोदामात गेले, तर वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा खाली उतरला होता आणि त्यात बारीक पांढरी धूळ तरंगत होती, तिला कुठे जायचंच नव्हतं. छपरापर्यंत पोत्यांच्या थप्प्या, पावलांचा आवाज नाही, ओठांवर आंबट चव. मी खुळ्यासारखी बघत राहिले. तेवढ्यात सासरे ओरडले, "अय्यो, पदर आवर, थप्पीला घासतोय!"

लोकांना वाटतं, ह्या धंद्यात काय आहे? पांढरी पूड पोत्यात भरली, ट्रकात टाकली, झालं. थंडीत या म्हणावं! उत्तरेकडून ट्रक निघतो तो तिकडच्या कडाक्याच्या थंडीतून, रात्र रात्र चालत इथे पोचतो. वरची पोती वाटेत ऊन खाऊन सावरलेली असतात, पण थप्पीच्या मधलं पोतं, हे म्हणतात तसं, अजून दिल्लीतच असतं. ते आल्या आल्या इथल्या दमट हवेत उघडलं की संपलं. गार तांब्याला बाहेरून घाम येतो तसं आतल्या पावडरीला पाणी सुटतं. त्या वेळी डोळ्यांना काहीसुद्धा दिसत नाही. चार दिवसांनी हात घालावा तर पावडर जाऊन दगड झालेला. मग बसा हातोडा घेऊन.

म्हणून आमच्याकडे नियम आहे, सासऱ्यांच्याही आधीपासूनचा. थंडीतून आलेलं पोतं उघडायचं नाही. फरशी गारठा देते म्हणून लाकडी पॅलेटवर ठेवायचं, भिंतीपासून हातभर लांब, वरून ताडपत्री, आणि ते इथल्या हवेला रुळेपर्यंत सोडायचं नाही म्हणजे नाही. गिऱ्हाईक दारात बोंब मारत बसलं तरी. "निजलंय," असं आमच्यात म्हणतात. "कालचा माल कुठाय?" "निजलाय." नवं गिऱ्हाईक बावचळून बघतं.

हा गोदामातला नियम घरात कधी शिरला, मला कळलंच नाही. ह्यांचे दिल्लीचे मावसभाऊ जानेवारीत आले की त्यांना आल्या आल्या काही विचारायचं नाही. खोली दाखवायची आणि दार ओढून घ्यायचं. घरात कुणी रुसलं, कुणाचं कुठे बिनसलं, की हे हात वर करून म्हणणार, "उघडू नकोस. राहू दे." मी नेमकी उघडणारी बाई. माझ्या माहेरी सगळे एकाच वेळी बोलतात, ताटावर भांडतात आणि हात धुवेपर्यंत मिटवून टाकतात. माझा आवाज तिसऱ्या घरात जातो. हे मी मिरवायला सांगत नाही, शेजारच्या अक्कांनीच मला तोंडावर सांगितलंय.

तर अशा घरात, मागच्याच्या मागच्या डिसेंबरात, आमची लेक परत आली. एकुलती एक. बर्फ पडतो अशा एका देशात नोकरीला होती. आदल्या दिवशी फोन केला, "उद्या येतेय." का येतेस, किती दिवसांसाठी, काही नाही. विमानतळापासून घरापर्यंत ती गाडीच्या काचेला कपाळ लावून बसली होती. दारात आली, ह्यांच्या पाया पडली, माझ्या पडली आणि म्हणाली, "आई, मला झोपायचंय." अंगात रजईसारखं फुगलेलं एक काळं जॅकेट होतं, तेसुद्धा न काढता झोपली.

मी तिच्या मागोमाग खोलीत जाणार, तर ह्यांनी माझा दंड धरला.

"थंडीतून आलीय," हे म्हणाले. "उघडू नकोस."

"ती काय पोतं आहे हो?" मी म्हटलं. हळू म्हटलं पण, कारण दार उघडंच होतं.

"सरी, सरी, तेही खरं. पण स्वल्प थांब. रुळू दे. तिची तीच बोलेल."

आणि मी थांबले. मी! खरं सांगायचं तर तिचा चेहरा बघून माझी दातखीळच बसली होती. काहीतरी झालं होतं. केवढं झालं होतं ते कळत नव्हतं, आणि न कळलेलं मला फार मोठं वाटतं.

मग ते दिवस सुरू झाले. अजून आठवले की त्यांतला मागचा कुठला, पुढचा कुठला ते कळत नाही, सगळे मिळून एकच लांबलचक दुपार वाटते. ती उन्हं चढेपर्यंत झोपायची, उठून मागच्या पायरीवर उन्हात बसायची, जॅकेटच्या बाह्यांत हात ओढून. पेरूच्या झाडावर खारी खेळायच्या. ती बघायची का नुसती त्या दिशेला तोंड करून बसायची, सांगता येत नाही. मी कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद करायची. चपला हातात घेऊन चालायची. "ऊन छान आहे नाही?" मी म्हणायची. "हं," ती म्हणायची. ताटात काय उरलं ते मी तिची पाठ वळल्यावर बघायची. एक दिवस कुंपणावरून अक्कांनी विचारलं, "तब्येत बरी आहे ना हो तुमची? आवाज नाही येत हल्ली." मला रडूच कोसळलं. म्हटलं, घसा बसलाय.

दुपारी घरात इतकी शांतता असायची की नळाचा थेंब ऐकू यायचा. मीही पलंगावर पडून असायची, अर्धवट झोपेत, आणि मला वाटायचं पलीकडच्या खोलीत ती शाळेतून येऊन झोपलीय, आता उठेल आणि भूक भूक करत घर डोक्यावर घेईल. मग जाग आली की तिच्या खोलीचं दार तसंच लोटलेलं.

असेच दिवस जात होते, आणि एका संध्याकाळी ती जेवताना म्हणाली, "व्हाइटफील्डला नोकरी मिळालीय. ऑफिसजवळच पीजी बघितलंय. सोमवारी जाईन."

"अगं, घरूनच जा की," मी म्हटलं. "आता मेट्रो झालीय."

"नको आई. तुम्हाला कशाला त्रास?"

त्रास! पोटच्या पोरीने आईबापाच्या घरात राहण्याला त्रास म्हणावं! मला लख्ख कळलं, ही आत्ता अशी गेली तर जे काय झालंय ते गाठीला बांधूनच जाईल, आणि मग ह्या घरी पाहुणी म्हणून येत जाईल. दिवाळीला येईल, मिठाईचा पुडा घेऊन, आणि "सगळं छान चाललंय" म्हणेल. व्हाइटफील्ड म्हणजे काही परदेश नाही, पण त्या परदेशातून ती निदान रोज फोन तरी करत होती. सोमवारच्या आत हिने बोलायला हवं, एवढंच माझ्या डोक्यात घुमायला लागलं.

ती उठून गेल्यावर मी ह्यांना ओट्यापाशी गाठलं. "आता तरी विचारा! ती चाललीय, कळतंय का तुम्हाला?"

"विचारलं आणि बिथरली तर?" हे म्हणाले. "घाईने उघडलं की आतलं नासतं गं. मग काही करता येत नाही." धुतलेलाच पेला ते पुन्हा पुन्हा विसळत होते. तेव्हा मला दिसलं की हे शहाणपण नव्हतंच, माणूस घाबरला होता.

शनिवारी गोदामात माल भरायचा होता. उत्तरेकडच्या डोंगरात औषधाच्या गोळ्या करणारा एक कारखाना आहे, त्यांना लिंबूफूल जाणार होतं. तिकडे तेव्हा बर्फ पडत होता. असा माल पाठवायचा म्हणजे ह्यांचा जीव टांगणीला. धुकं उठल्याशिवाय भरायचं नाही, नाहीतर इथलंच पाणी पोत्यात बसून डोंगरावर जातं. आतल्या प्लास्टिकच्या पिशवीतली हवा दाबून काढायची, तिची मान पिळून दुमडून बांधायची. ट्रकावर दुहेरी ताडपत्री. आणि प्रत्येक पॅलेटवर कागद, "माल आल्या आल्या उघडू नये." हे लेकीला म्हणाले, "गोदाम त्याच बाजूला आहे. चल, जाता जाता तुझी खोलीही बघू." मला कुणी बोलावलं नव्हतं. मी चपला घालून गाडीत जाऊन बसले.

व्हाइटफील्डच्या वाटेवर गाडी चालते कमी आणि उभी राहते जास्त. बाहेर धुकं होतं, वरून मेट्रो गेली तर डबे दिसले नाहीत, फक्त दिव्यांची एक रांग हवेतून सरकत गेली. लेकीने मान वर करून ती पाहिली. मला वाटलं आता काही म्हणेल, पण तिने पुन्हा कपाळ काचेला लावलं.

गोदामाच्या दारात ह्यांनी तिला थांबवलं. "जॅकेट काढ."

"राहू दे ना अप्पा. थंडी वाजते."

"आत चालत नाही गं. विसरलीस?"

हाही नियमच. लिंबूफूल ओतताना हवेत जी बारीक धूळ उठते ती पेटायला एक ठिणगी पुरते. थंडीत धुकं उठल्यावरच्या कोरड्या हवेत नायलॉनचं, लोकरीचं काही अंगावर असलं की ती ठिणगी माणूस स्वतःच घेऊन फिरतो. म्हणून आमचे हमाल सुती कपड्यांत असतात, आणि ओतायच्या लोखंडी नरसाळ्याला जमिनीत पुरलेली तार जोडलेली असते. तिथे ह्यांनी लाटसाहेबाचंही ऐकलं नसतं.

तिने चेन ओढली. जॅकेट निघताना चटचट आवाज झाला, तिचे केस हवेत उभे राहिले, आणि आतून आमची लेक बाहेर आली. आई गं! गळ्याची हाडं वर आलेली. बांगड्या घातल्या असत्या तर कोपरापर्यंत चढल्या असत्या. इतके दिवस आम्ही त्या जॅकेटलाच जेवायला वाढत होतो. ह्यांनी बघितलं आणि खुंटीवरचा आपला सुती सदरा काढून तिला दिला. तो तिच्या गुडघ्यापर्यंत आला.

आत झरोक्यातून ऊन येत होतं. एका बाजूला डोंगरात जायची पोती तयार होती, दुसऱ्या बाजूला कालच उत्तरेतून आलेला माल ताडपत्रीखाली होता. ती त्या ताडपत्रीपाशी जाऊन उभी राहिली.

"हा का नाही उघडला?"

"थंडीतून आलाय," हे म्हणाले. "निजलाय."

"मग उठणार कधी?"

"ते हाताला कळतं." ह्यांनी ताडपत्रीचं टोक उचललं, दोन पोत्यांच्या फटीत हात घातला आणि मधल्या पोत्याला पालथा हात लावला. पोत्यांबद्दल बोलताना ह्यांचा आवाज वेगळाच होतो, मऊ होतो. "असा लावायचा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. गार लागलं तर परत झाकायचं. पण हात लावायचा गं. नुसतं झाकून विसरलं तर वरच्याच्या भाराने खालचं पोतं आपोआप दगड होतं, त्याला थंडीचीही गरज नसते."

तिनेही हात आत घातला. बराच वेळ तसाच ठेवला. मग आमच्याकडे न बघता म्हणाली, "मलाही निजवलं होतंत का?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेवटी हे म्हणाले, "हो."

"मला वाटलं, तुम्हाला माझी लाज वाटते." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "घरात कुणी काही विचारेना. मी का आले, राहणार का, काहीच नाही. म्हटलं, ह्यांना नकोच आहे ऐकायला." आणि मग वळून ह्यांच्याकडे बघत म्हणाली, "अप्पा, पोत्याला दिवसातून तीनदा हात लावून बघता. मला एकदा तरी लावायचात."

ह्यांचा चेहरा मी आयुष्यात तसा पाहिलेला नाही. हात पावडरीने पांढरा झाला होता, तो सदऱ्याला पुसायचंही त्यांना सुचलं नाही. पालथा हात त्यांनी तिच्या गालाला लावला. "गार पडलीस की गं," ते म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं. "चुकलं माझं बाळा. काय झालं तिकडे? सांग. मी विचारतोय. सांग."

बाहेरून मुकादमाने, माल भरायला घेऊ का म्हणून, विचारलं, "अण्णा, लोड माडला?" ह्यांनी मागे न बघता हात हलवला. "स्वल्प निल्रप्पा, थांबा जरा. चहा घ्या जाऊन सगळे." धुकं उठलेलं, माल तयार, ट्रक दारात, आणि ह्यांनी भरणं थांबवलं. असं ह्यांनी कधीच केलेलं नाही.

ती पॅलेटच्या कडेवर बसली आणि बोलली. मराठीत, मध्येच कन्नडमध्ये, मध्येच इंग्रजीत. नोकरी तिची थंडी सुरू होतानाच गेली होती. आम्हाला सांगवेना, कारण ती लागली तेव्हा मी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले होते. जमिनीखालची एक खोली घेतली, तिथे हीटर पुरायचा नाही, म्हणून जॅकेट घालून झोपायची सवय लागली. आम्हाला फोन करायचा तो एका मॉलच्या बाकावरून, म्हणजे मागे माणसांचे आवाज येतील आणि आम्हाला ऑफिस वाटेल. "तू रोज विचारायचीस, जेवलीस का," ती मला म्हणाली, "आणि मी रोज हो म्हणायचे. तू आणखी एक काही विचारलं असतंस ना आई, तर मी सांगून टाकलं असतं."

मी नुसती ऐकत होते. धूळ उन्हात तरंगत होती, हे तिचं मनगट धरून बसले होते, आणि हे सगळं दुसऱ्याच कुणाचं चाललंय असं मला वाटत होतं.

"आई," ती म्हणाली, "तू ओरड ना."

"काय?"

"ओरड माझ्यावर. दारात आल्यापासून वाट बघतेय मी. तिकडे झोप लागायची नाही तेव्हा मी तुझं ओरडणं आठवायचे, मग झोप यायची. आणि इथे आले तर तू कुजबुजत होतीस. मला वाटलं, आई पण गेली."

मग मी ओरडले. एवढे दिवस गळ्यात कोंबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "अगं कार्टे, आईशी खोटं बोलतेस? उपाशी राहतेस, त्या तळघरात मरतेस, आणि मला म्हणतेस जेवले? जगातली काय ती एक नोकरी गेली तर आभाळ फाटतं का? चुलीत गेले ते पेढे! आणि त्रास म्हणतेस? कुणाला त्रास? सोमवारी बॅग उचलून तर बघ, तंगडं मोडून ठेवते!" हमाल चहाचे पेले घेऊन दारात गोळा झाले. ह्यांनी डोळे पुसले आणि त्यांना जा जा अशी खूण केली. मी तिच्याशेजारी कधी जाऊन बसले, ते मला आठवत नाही. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं होतं आणि डोळे मिटले होते.

"जाईन-येईन मेट्रोने," ती पुटपुटली.

"मध्ये बोलू नकोस!" मी म्हटलं, आणि माझा श्वासच पुरेना, म्हणून जरा थांबले.

ती डोळे न उघडता म्हणाली, "अजून."